उस्तादने गुंडाळलेली नळी

वहिनी शटर उघडते ते दोन्ही हातांनी. आधी वाकून कुलूप काढायचं, मग एक गुडघा जमिनीला टेकवायचा, खालच्या पट्टीत बोटं घालायची, दम घ्यायचा, आणि उठता उठता ते धूड वर न्यायचं. उस्ताद धडधाकट होता तेव्हा एका हाताने नुसता हिसका द्यायचा, आणि साऱ्या रस्त्याला कळायचं की दुकान उघडलं. वहिनीच्या हातून शटर कुरकुरत, थांबत थांबत वर जातं. आजारी माणसाने अंथरुणातून उठावं तसं.

तोवर तिचा अर्धा दिवस उरकलेला असतो. उस्तादला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, अंग पुसणं, दाढी करणं, चमच्याचमच्याने चहा. मग त्याचा लुळा उजवा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा आणि खोलीतून दुकानापर्यंतची अकरा पावलं चालायची. खोली दुकानाच्या मागेच आहे. मधे फक्त एक उंबरा. चार बोटं उंच. चालत्या माणसाला तो दिसतसुद्धा नाही. वहिनीला रोज सकाळी तो घाटासारखा चढावा लागतो, आणि तोही दोन माणसांचं वजन घेऊन.

खुर्चीत बसवलं की ती त्याच्या डाव्या हातात काठी देते आणि म्हणते, "हं. बसा आता मालक होऊन."

हे ती रोज म्हणते. उस्तादच्या ओठांची डावी कड जराशी हलते. त्याच्या हसण्यातलं तेवढंच शिल्लक राहिलं आहे.

खुर्चीचं तोंड रस्त्याकडे असतं. मधे काही महिने तसं नव्हतं. ते परत तसं कसं झालं, तीच ही गोष्ट.

तिला सगळे वहिनी म्हणतात, कारण उस्ताद सगळ्यांशी थोरल्या भावासारखा वागायचा. दुकान लहान यंत्रांचं. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, पाणी उपसायची इंजिनं, बागेतले छोटे ट्रॅक्टर. यातलं वहिनीला काही येत नव्हतं, आणि यायचं कारणही नव्हतं. ती दुकानात आली ती उस्तादच्या डोळ्यांपायी. चाळिशी उलटली, जवळचं दिसेनासं झालं, तरी गडी चष्मा लावायला तयार नाही. म्हणायचा, "चष्मा लावला की लोक म्हणणार, उस्ताद संपला." मग कार्बोरेटरमधलं सुईच्या टोकाएवढं भोक मोकळं आहे की बुजलंय, हे पाहायला तो मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायचा. "अगं, जरा ये. भोक दिसतंय का बघ."

वहिनी हात पुसत यायची, उजेडाकडे धरून बघायची, म्हणायची, "दिसतंय," आणि परत चुलीशी जायची. पुढे पुढे परत जाणं कमी होत गेलं. भोक बघायला आलेली बाई वीस वर्षं दुकानात उभी राहिली. कार्बोरेटर खोलून धुवायला शिकली, पाती लावायला शिकली, आवाजावरून इंजिनाची दुखणी ओळखायला शिकली. अंगात उस्तादचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत. फक्त शेवटचा नट आवळायचा तो उस्तादने. तो त्याचा मान होता, आणि वहिनीने कधी त्या मानाला हात लावला नाही.

मग थंडीच्या तोंडावर, एका भर दुपारी, उस्ताद टेबलापाशी उभा होता तो खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. हातातला पाना सुटला नव्हता. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्याला कळतं सगळं, सांगता येणार नाही. वहिनीने पाटी आणून डाव्या हातात खडू दिला, तर पाटीवर कोंबडीने उकरल्यासारख्या रेघा उमटल्या. त्याने स्वतःच पाटी बाजूला सारली. राहिली ती काठी. एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. आयुष्यभर बोलून बोलून गिऱ्हाइकाला वेड लावणाऱ्या माणसाला एवढे दोनच शब्द उरले.

दुकान वहिनीने चालू ठेवलं. गिऱ्हाईक यायचं ते थेट खुर्चीपुढे उभं राहायचं. "काय उस्ताद, होईल ना?" ठक. एक ठोका. मग माणूस यंत्र वहिनीच्या पायापाशी ठेवून निघून जायचा. लोकांच्या लेखी काम उस्तादचं होतं, हात तेवढे वहिनीचे उसने घेतलेले. तिला त्याचं वाईट वाटायचं का, हे कुणी विचारलं नाही. वाईट वाटायलाही थोडी फुरसत लागते.

रोपवाटिकेच्या नानांचा ट्रॅक्टर हे उस्तादने केलेलं शेवटचं काम. जुना, ठेंगणा, माणसाच्या कमरेला लागेल एवढा. पोटाखाली गवत कापायची पाती आणि मागे कुंड्यांची छोटी ट्रॉली. उस्ताद आडवा पडला त्याच्या नऊ दिवस आधी त्याने तो दुरुस्त करून दिला होता. थंडीभर तो ट्रॅक्टर सकाळ-संध्याकाळ दुकानापुढून जायचा. सायलेन्सर कुजलेला, त्यामुळे आवाज लांबूनच ओळखू यायचा. तो आवाज आला की उस्ताद काठी उचलायचा आणि टेबलाच्या लोखंडी पायावर दणादण मारत सुटायचा. एक नाही, दोन नाही. दहा, बारा, पंधरा. मान लाल व्हायची, तोंडातून घशातला आवाज यायचा.

वहिनीला वाटायचं, हाताने केलेलं शेवटचं काम डोळ्यांपुढून जातं म्हणून याचा जीव कासावीस होतो. जखमेवरची खपली रोज दोनदा का काढायची? म्हणून तिने एके दिवशी खुर्ची फिरवून टाकली. रस्त्याकडे पाठ, आणि तोंड पाने लटकवलेल्या भिंतीकडे. ट्रॅक्टर गेला की तो तरीही ठोकायचा. ती जाऊन पाठीवर हात ठेवायची. "असू द्या. असू द्या आता."

ऊन तापायला लागलं आणि नानांचा ट्रॅक्टर बंद पडायला लागला.

तो तिसऱ्यांदा दुकानात आला तो दिवस असा होता की सकाळी अकराला पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. आदल्या रात्री उस्तादला खोकला झाला होता आणि वहिनीची पाठ अंथरुणाला लागली नव्हती. नाना ट्रॅक्टरवरून उतरले, टोपीने मानेवरचा घाम पुसला, आणि खुर्चीजवळ गेले.

"उस्ताद, तुमचा पाहुणा परत आला. अगदी माझ्यावर गेलाय बघा. अर्धा तास काम, की लगेच डुलकी."

"बंद पडताना आवाज कसा येतो?" वहिनीने विचारलं.

नानांनी उत्तर दिलं, पण खुर्चीला. "दोन-तीन उचक्या देतो, उस्ताद, आणि गप्प. वीस मिनिटं सावलीत उभा केला की परत शहाण्यासारखा चालू. आता येतानाही वळणावर रुसला होता."

"मागच्या वेळी फिल्टर नवा टाकलाय. त्याच्या आधी पंप नवा टाकलाय," वहिनी म्हणाली.

आता नाना तिच्याकडे वळले. वाईट माणूस नव्हे. जे बोलायचं ते बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती. "वहिनी, राग मानू नका. माझं गवत गुडघ्याएवढं झालंय. चौकातल्या नव्या वर्कशॉपवाल्याने मला दोनदा विचारलं. उस्तादसाठी म्हणून मी थांबलो. संध्याकाळी येतो. तोवर झालं तर ठीक, नाहीतर मग..."

नाहीतर मग काय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नाना गेले की त्यांच्यामागे त्या बाजूचे सगळे बागवाले जाणार, हे वहिनीला ठाऊक होतं, खुर्चीलाही ठाऊक होतं.

नाना गेले आणि वन्सं आल्या. वन्सं म्हणजे उस्तादची थोरली बहीण. तीन घरं सोडून राहायच्या. रोज दुपारचा डबा आणायच्या, आणि डब्याबरोबर चार शब्दही आणायच्या. डबा मऊ असायचा, शब्द नसायचे.

"तिसऱ्यांदा?" त्यांनी ट्रॅक्टरकडे बघत विचारलं.

"तिसऱ्यांदा."

"पोर तीनदा नापास झालं तर शाळासुद्धा नाव काढून टाकते गं."

"वन्सं, नापास ट्रॅक्टर झालाय. मी नाही."

"तोंड अजून चालतंय, बरं आहे. हात बघ जरा स्वतःचे." वन्संनी जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीजवळच्या ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसल्या. "हे बघ, मी तुझ्या वाईटावर नाही. ही जागा गोदामाला मागताहेत. देऊन टाक. तू आडवी पडलीस तर तुम्हा दोघांना उचलणार कोण? मी? माझे गुडघे आधीच संपावर गेलेत."

वहिनी पाना शोधत होती. पाना तिच्या हातातच होता. ते लक्षात आलं तसं तिच्या तोंडून निघून गेलं, "आज हा ट्रॅक्टर सलग तासभर चालला नाही, तर संध्याकाळी दुकानाची चावी तुमच्या हातात देते. बास?"

बोलली आणि स्वतःच दचकली. भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीतून दोन ठोके आले. ठक ठक.

"तुझं काय जातंय ठोकायला," वन्सं भावाला म्हणाल्या. "बसल्या जागी ठोकतोस. राबते ती." आणि मग जाता जाता त्याचा शर्ट मानेपाशी नीट केला.

आता पंपाबद्दल थोडं सांगायला हवं. या लहान ट्रॅक्टरचा पेट्रोलचा पंप तळहातावर मावेल एवढा असतो. त्याला वायर नाही, दात्यांची चाकं नाहीत. तीन नळ्या असतात. एकीतून टाकीतलं पेट्रोल येतं, दुसरीतून ते कार्बोरेटरकडे जातं. तिसरी इंजिनाच्या पोटाला जोडलेली. इंजिन चालू असलं की त्याच्या पोटातली हवा दबते आणि सुटते, दबते आणि सुटते, त्या श्वासावर पंपातला पातळ पडदा फडफडतो, आणि त्या फडफडीने पेट्रोल पुढे सरकतं. उस्ताद म्हणायचा, "पंप हा परावलंबी जीव. याला स्वतःचा दम नाही. दुसऱ्याच्या श्वासावर जगतो."

वहिनीने पहिल्या वेळी पंप बदलला होता. दुसऱ्या वेळी टाकी धुतली, झाकणाचं भोक तपासलं, फिल्टर बदलला, आणि टाकीकडची नि कार्बोरेटरकडची अशा दोन्ही नळ्या नव्या घातल्या. तिसरी नळी पंपाकडून खाली वळून पत्र्याच्या आवरणामागे जायची. तिला उस्तादने काळी टेप गुंडाळलेली होती.

उस्तादची टेप लांबूनही ओळखू यायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही, आणि शेवटचं टोक आत असं खोचलेलं की नख लावलं तरी सापडू नये. वहिनीने दोन्ही वेळा त्या टेपवरची धूळ फडक्याने पुसली होती आणि नळी तशीच ठेवली होती. उस्तादने बसवलेलं, त्यात काय बघायचं? दुसरंही एक कारण होतं, जे ती कुणाला सांगणार नव्हती. त्या उजव्या हाताने जगात मारलेले हे शेवटचे वेढे होते.

दुपारी तिने ट्रॅक्टर दुकानाच्या तोंडाशी, उस्तादच्या खुर्चीपासून चार हातांवर उभा केला आणि सुरू केला. एरवी तिने आधी खुर्ची नीट भिंतीकडे केली असती. पण जेवण भरवताना उजेडासाठी ती रस्त्याकडे फिरवली होती, आणि आता परत उचलून फिरवायची म्हणजे तिच्या जिवावर आलं. राहू दे, ती मनात म्हणाली. एक दिवस ठोकेल जरा जास्त.

ट्रॅक्टर चालू होता. वहिनी उभ्या उभ्या दुसऱ्या एका यंत्राच्या पात्याला कानस मारत होती आणि एक कान तिकडे होता. पंचवीस मिनिटं आवाज खणखणीत. मग एक उचकी. मग दुसरी. आणि गप्प.

तिने लगेच कार्बोरेटरकडची नळी सोडवली, तिचं तोंड बाटलीत धरलं आणि स्टार्टर मारला. गार असताना याच नळीतून पिचकारी उडायची. आता थेंब पडला. थांबून, विचार करून, आणखी एक.

"म्हणजे पंपच," ती स्वतःशी म्हणाली. नवाकोरा पंप, आणि गरम झाला की मरतो. खणात आणखी एक नवा होता. तिने खण ओढला.

ठक. ठक. ठक. ठक. टेबलाच्या पायावर दणके सुरू झाले.

"काय हो? पाणी देऊ?"

दोन ठोके.

"ऊन लागतंय?"

दोन.

"आत जायचंय? पोटात दुखतंय? मग काय? मला करू द्या ना काम. आज एवढं एक काम करू द्या."

उस्तादने काठी फेकली. ती ट्रॅक्टरच्या चाकाला लागून पडली. वहिनीने पंप खाली ठेवला, काठी उचलली, त्याच्या हातात दिली. पंप उचलला. काठी पुन्हा आली. या वेळी ती सरकत थेट ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेली.

ओरडायला जेवढा श्वास लागतो तेवढा वहिनीजवळ नव्हता. काठी काढायला ती निघाली होती, पण वाटेतच खुर्चीला लागून असलेल्या वन्संच्या पालथ्या डब्यावर मटकन बसली. डोकं उस्तादच्या कोपराला टेकलं. दोघंही धापा टाकत होते. ती जणू डोंगर चढून आली होती, तो नुसता काठी फेकून.

बसल्या बसल्या तिची नजर तो बघत होता तिकडे गेली.

उभं राहून, वरून वाकून जे दिसत नव्हतं ते इथून दिसत होतं. पत्र्याच्या आवरणाच्या खालच्या फटीतून टेपने गुंडाळलेली ती तिसरी नळी सायलेन्सरच्या जवळून वळण घेत होती. टेपचा डिंक उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पाघळला होता. आणि वळणावर ती नळी बसलेली होती. रिकाम्या मोज्यासारखी, चपटी.

वहिनी गुडघ्यांवर रांगत गेली. फटीतून हात घातला. चटका बसला तरी बोटं काढली नाहीत. नळीत जीवच नव्हता. दाबली की दबत होती, आणि दबली की तशीच राहत होती. त्यातून श्वास कुठला जाणार?

तिने मान वळवून उस्तादकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

"हे तुम्ही लावलंय," ती म्हणाली.

काठी त्याच्याजवळ नव्हती. त्याने डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर एकदा आपटलं.

तिने नळ्या कापायची सुरी घेतली. इंजिनाची बाजू निवू दिली, आवरणाचे चार स्क्रू काढले. मग सुरीचं टोक टेपला लावून थांबली. दोन्ही वेळा जिची नुसती धूळ पुसली होती, ती टेप. "कापू?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. मग बोट एकदा, हलकेच, आपटलं.

टेप कापताना तिला शेवटचं खोचलेलं टोक सापडलंच नाही. सगळे वेढे एकत्र चिरावे लागले. आतून जाड काळी रबरी नळी निघायला हवी होती. निघाली ती पातळ, पारदर्शक, पिवळी पडलेली. वहिनीने असल्या शंभर पाहिल्या होत्या.

"ही तर फवारणीच्या पंपाची."

एक.

"तुम्हाला ठाऊक होतं."

एक.

"म्हणजे थंडीभर हा ट्रॅक्टर पुढून जायचा आणि तुम्ही..." ती थांबली. पुढचं वाक्य तिला दुसऱ्याबद्दल बोलल्यासारखं सावकाश बोलावं लागलं. "तुम्ही हेच सांगत होता. आणि मी तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं."

या वेळी बोट हललं नाही. एक नाही आणि दोनही नाही. उस्तादने डोळे मिटून घेतले.

रडायला बसावं एवढी ताकद वहिनीत नव्हती, आणि रडून परत उठायची तर नव्हतीच. तिने ट्रॅक्टरखालून काठी काढून त्याच्या हातात दिली. फळीवरची जाड नळी घेतली, वीत आणि चार बोटं मापून कापली, धगीपासून लांबून फिरवली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. खणातला नवा पंप खणातच राहिला. शेवटची क्लिप आवळायच्या वेळी ती पाना घेऊन त्याच्याकडे गेली, पाना त्याच्या डाव्या हातात दिला, त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि क्षणभर नुसताच तसा धरला. मग पाना घेऊन परत आली आणि क्लिप स्वतः आवळली.

वन्सं डबा न्यायला आल्या तेव्हा ट्रॅक्टर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि पालथ्या डब्यावर ठाण मांडलं. "मी काही चावीसाठी बसले नाही हं. पाय दुखतात म्हणून बसले."

पंचवीस मिनिटं झाली. सव्विसाव्या मिनिटाला वहिनीला स्वतःच्या छातीतली उचकी इंजिनाची वाटली. ट्रॅक्टर चालू होता. चाळीस मिनिटांनी वन्संची मान पुढे कलली. तासाला पाच मिनिटं कमी असताना त्या जाग्या होऊन म्हणाल्या, "अजून बोंबलतोय मेला!" तेवढ्यात नाना आले.

नाना आवाज ऐकत उंबऱ्याबाहेरच थांबले. मग आत येऊन खुर्चीला म्हणाले, "वा उस्ताद! काय निघालं शेवटी?"

वहिनी पुढे झाली. हे काय बोलायचं ते तिने तासाभरात ठरवून ठेवलं होतं. "माझीच चूक, नाना. एक नळी बदलायची होती, माझ्याकडून राहून गेली. दोनदा."

ठक ठक.

"तुम्ही गप्प बसा हो."

ठक ठक. आणि मग उस्तादने काठी मांडीवर ठेवली, डावा हात उचलला, आणि मूठ करून आपल्या छातीवर मारली. एकदा. दोनदा. नानांना काही कळेना. ते खुर्चीकडे बघत राहिले, वहिनीकडे बघत राहिले, मग त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे चिरलेली टेप आणि तिच्यात अर्धी अडकलेली पिवळी नळी पडली होती.

नानांनी ती उचलली. टोपी काढली.

"अरेच्चा," ते म्हणाले. "ही तात्पुरती होती. जाड नळी संपली होती त्या दिवशी. उस्ताद म्हणाले होते मला, नाना, थंडीपुरती चालेल, आठ दिवसांनी घेऊन या, बदलून देतो. चांगला चालतोय म्हटल्यावर मी कशाला येतोय? मग उस्तादचं असं झालं, आणि माझ्या डोक्यातून साफ गेलं."

ट्रॅक्टर आपला धडधडत होता, आणि घड्याळात तास उलटून गेला होता. वहिनीने जाऊन चावी फिरवून तो बंद केला. दुकान एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

"म्हणजे चूक तिघांची," वन्सं म्हणाल्या, "आणि गुडघे फुटले हिचे एकटीचे."

नाना ट्रॅक्टरवर बसले. निघायच्या आधी त्यांनी मागे वळून बघितलं. खुर्चीकडे बघून मान लववली, आणि मग म्हणाले, "वहिनी, पात्यांना धार राहिली नाही. कधी आणू?"

वहिनीला कळायला थोडा वेळ लागला की हे तिला विचारलं आहे. "शुक्रवारी आणा," ती म्हणाली. "दहानंतर. सकाळी मला दुसरं काम असतं."

ते गेले. वन्संनी डबा काखेत घेतला, तरी निघेनात. वहिनीने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "चावी माझ्याकडेच राहू दे, वन्सं."

"मी मागितली का?" वन्सं म्हणाल्या. "शटर तरी ओढू दे मला. वर न्यायला जोर लागतो. खाली आणायला वजन लागतं. ते देवाने मला भरपूर दिलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून परत सगळं तेच. कूस, चहा, अकरा पावलं, उंबरा. खुर्ची वहिनीने रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि काठी हातात देऊन म्हणाली, "हं. बसा." पुढचं म्हणायला ती विसरली, कारण डोळे मिटत होते.

नऊच्या सुमाराला लांबून तो कुजक्या सायलेन्सरचा आवाज आला. वहिनीचा हात होता तिथे थांबला. आवाज जवळ आला, दुकानापुढून गेला, वळणावर गेला, वळणाच्या पलीकडे गेला, आणि चालूच राहिला. ठोका आला नाही. तिने वळून पाहिलं. उस्तादची मान डाव्या खांद्यावर पडली होती, तोंड जरासं उघडं, श्वास एकसारखा. तो झोपला होता.

काठी खाली पडून त्याला जाग येऊ नये म्हणून तिने ती त्याच्या बोटांतून अलगद सोडवली, भिंतीला टेकवून ठेवली, आणि समोरच्या यंत्राचा पहिला नट सैल करायला घेतला.